मशीनपाशी बसलेले सोपानकाका

सोपानकाका प्रत्येकाचा माल आधी हुंगून बघतात. नसरापूरला आमच्या सामायिक कार्यशाळेत लेझरनं कापायचं मशीन आहे, त्याचे हे राखणदार. हुंगून समाधान झालं नाही, की तांब्याची तार तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, की संपलं. ‘‘ह्याचा धूर इषारी. न्हाई कापायचं.’’

एकदा एक सरपंच स्वतःच्या नावाची पाटी कापून घ्यायला आले. ज्योत हिरवीगार.

‘‘अहो, मी सरपंच आहे!’’

‘‘व्हय की. पन धुराला ते कुठं ठावं?’’

मशीन चालू असताना जागचं हलायचं नाही, हा दुसरा हट्ट. एका निवृत्त हेडमास्तरांना लघवीची घाई झाली, तेव्हा काका सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘गुरुजी, आदी मशीन थांबवा, मग जावा.’’ आम्ही आठवडाभर हसत होतो.

मी उत्रोलीची. गणपतीची मखरं करते. गेल्या श्रावणात पुठ्ठ्याची नक्षी कापत असताना आईचा फोन आला. आत रेंज नव्हती, म्हणून काकांची पाठ वळलेली बघून हळूच बाहेर सटकले. दोन मिनिटंही झाली नसतील. काकांची आरोळी ऐकून धावले, तो झाकणाच्या काचेआड ज्वाळा. काकांनी लाल बटण दाबलं होतं. मी झाकणाला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी मला कोपरानं मागं ढकललं.

‘‘उगडू नका! वारा लागंल!’’

आग विझवायचं नळकांडं रोखून ते उभे राहिले. पुठ्ठा आतल्या आत जळून विझला. तरी नळकांडं त्यांनी खाली ठेवलं नाही.

‘‘काका, चुकलं माझं.’’

‘‘आमी दोगं भाव पिशव्यांच्या कारखान्यात व्हतो,’’ ते म्हणाले. ‘‘माजं मशीन चालू ठिवून म्या चहाला गेलो. आग लागली. थोरला आतच ऱ्हायला.’’



त्या संध्याकाळी मी त्यांना स्कूटीवरून कामथडीला घरी सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, ‘‘वयनी तवापासनं बोलत न्हाई माज्याशी. तिचं बरूबर हाय.’’

वहिनी ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. काका अंगणातच थांबले.

‘‘वयनी, आज बी सगळी धड घरी गेली.’’

वहिनींनी मान वर केली नाही. सूप उचलून आत गेल्या. सुपातले तांदूळ केव्हाच निवडून झालेले होते.