सासूबाईंच्या डोक्यावरचे छप्पर

ही हकिकत मी प्रथम ऐकली ती गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, मिनेसोटातील टॅमरॅक क्रॉसिंग या गावी, चर्चच्या तळघरातील सामुदायिक जेवणात. सांगणाऱ्या होत्या व्हर्ना स्लेटन. त्यांचे यजमान हार्लनराव शेजारीच बसून बटाट्याचे सॅलड खात होते. जेथे जेथे त्यांची मान खाली गेली, तेथे तेथे मजकूर खरा असावा, असे मी धरून चाललो आहे.

हार्लनराव हे निवृत्त विमा एजंट. मोटारींच्या छपरांविषयी त्यांचे एक पूर्ण विकसित मत होते आणि ते कॉफीच्या दुसऱ्या कपानंतर कोणालाही ऐकायला मिळे. पत्र्याचे एकसंध छप्पर पाद्र्यांना आणि विमा उतरवणाऱ्यांना शोभते. सनरूफ अशांसाठी, ज्यांना आभाळ आवडते, पण त्याने फार जवळ येऊ नये असे वाटते. सबंध काचेचे छप्पर मागच्या सीटवर भांडणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी. वर बघणारे मूल चिमटे काढत नाही (हे निरीक्षण एकाच कुटुंबावर आधारलेले आहे). बटण दाबताच घडी होणारे कापडी छप्पर दाताच्या डॉक्टरांसाठी. आणि बोल्ट काढून उचलून ठेवायचे ताठ छप्पर कोणासाठी? तर ज्याला चार मित्र आहेत अशा माणसासाठी.

त्यांच्या जीपला या शेवटच्या प्रकारचे छप्पर होते. त्यांचा साडू ड्वेन हा दाताचा डॉक्टर होता.

ऑगस्टमधल्या मका-मेळ्याच्या मिरवणुकीसाठी त्या वर्षी हार्लनरावांच्या सासूबाई अल्विनाबाई यांची मानकरी म्हणून निवड झाली. मानकऱ्याने उघड्या गाडीत, मागच्या सीटच्या पाठीवर बसून गावाला हात करायचा, हा तेथील शिरस्ता. रविवारच्या जेवणात ड्वेनने सहज म्हटले, "आई, माझी गाडी आहेच. एक बटण, की छप्पर गायब."

यावर गप्प बसणे शक्य होते. हार्लनराव म्हणाले, "कापडी छपराच्या गाडीतून मानकरी? गावाला वाटेल, दात काढायला चालल्यात. आमच्या जीपचं अख्खं छप्पर निघतं, आई."

अल्विनाबाईंनी काटा खाली ठेवला. "निघतं ना नक्की?"

"अहो, उचललं की निघालं."

"मग तुमच्याच गाडीतून येते, जावईबापू. पण फजिती झाली, तर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायचा मान ड्वेनला. या वर्षी आणि पुढंही."

त्या सणाच्या जेवणात भाजलेला टर्की पक्षी कापण्याचा मान थोरल्या जावयाचा. सासरे वारल्यापासून हार्लनरावांच्या हातून ती सुरी कोणी घेतली नव्हती. आता ती पणाला लागली.

मेळ्याचा दिवस उजाडला. चार मित्र होते. पण दोघे ट्रॅक्टर घेऊन मिरवणुकीत, एक बँडमध्ये आणि एक मका उकडायला बसलेला. हार्लनरावांनी ही अडचण आधीच ओळखून गॅरेजच्या तुळईला कप्पी बसवून घेतली होती. बोल्ट काढायचे, पट्टे अडकवायचे, दोर ओढायचा. काम एकट्याचे. फक्त ड्वेनचे घर नेमके समोर होते आणि तो अंगणात उभा राहून आपली गाडी पुसत होता. त्याने आपल्याला दोर ओढताना पाहू नये म्हणून हार्लनरावांनी गॅरेजचे दार आतून बंद केले.

छप्पर सुरेख उचलले गेले. छताशी जाऊन झुंबरासारखे लटकले. हार्लनरावांनी कपाळ पुसले, जीप सुरू केली आणि दाराचे बटण दाबले. दार वीतभर वर आले, "ठक्क" असा आवाज झाला आणि ते पुन्हा खाली गेले.

गॅरेजचे दार उघडताना वर जाते आणि छताखाली आडवे सरकते. ज्या जागेत ते सरकते, त्याच जागेत आता छप्पर लटकत होते.

आवाज ऐकून व्हर्नाबाई आतल्या दाराने आल्या. "काय झालं?"

"काही नाही. दार उघडत नाहीये."

"का?"

"छप्पर आडवं येतंय."

"मग खाली घ्या ना ते."

"खाली घेतलं, तर गाडीवर बसेल."

"शेजारी ठेवा."

"शेजारी होडी आहे."

व्हर्नाबाईंनी वर पाहिले, खाली पाहिले. "म्हणजे गाडी बाहेर नेली, तर छपरासकट. आणि छप्पर काढलं, तर गाडी घरात."

"तसं म्हणता येईल," हार्लनराव म्हणाले. (याहून नेमकी मांडणी मलाही सुचलेली नाही.)

"अहो, पण दार लावलं कशाला?"

"डास फार आहेत," हार्लनराव म्हणाले.

वेळ उरला नव्हता. छप्पर पुन्हा गाडीवर उतरले. बोल्ट घाईत कुठे तरी घरंगळले, तेव्हा व्हर्नाबाईंनी आत बसून दोन्ही हातांनी छप्पर धरून ठेवायचे, असे ठरले. शाळेच्या मैदानापर्यंतचा प्रवास पायी चालणाऱ्यांच्या वेगाने झाला. मागोमाग ड्वेन आला, छप्पर उघडे टाकून, शीळ घालत.

मैदानात अल्विनाबाई मानाचा पट्टा लावून, आदल्या दिवशी बसवलेले केस जपत उभ्या होत्या. "जावईबापू, हे काय?"

"छप्पर."

"ते दिसतंय. निघतं म्हणाला होतात."

"निघतं की."

"कधी? पुढच्या वर्षी?"

बँड सुरू झाला. हार्लनराव धावत गावच्या अग्निशमन दलाकडे गेले. सहा धट्टेकट्टे स्वयंसेवक आले, "हुप्प!" म्हणाले आणि छप्पर हवेत गेले. अल्विनाबाई गाडीत चढल्या, ड्वेनची शीळ थांबली. पण छप्पर ठेवायचे कुठे? जमिनीवर ठेवावे तर मागून ट्रॅक्टर येत होते. दलप्रमुख म्हणाला, "हार्लन, तू हो पुढं. आम्ही घेऊन चालतो."

अशी मिरवणूक निघाली: पुढे जीप, मागे छप्पर. पहिल्या चौकापर्यंत सारे झकास चालले. मग ऊन तापले, वारा सुटला आणि बसवलेले केस उठू लागले. अल्विनाबाईंनी मागे वळून पाहिले. छपराखाली सहा जण गार सावलीत, हसतखेळत चालले होते.

"जावईबापू, गाडी थांबवा."

"का हो, आई?"

"मी त्यांच्याबरोबर येते."

शेजारी बसलेल्या व्हर्नाबाईंनी खाली उतरून, आईचा हात धरून तिला उतरवले आणि त्याही मागेच राहिल्या. राजाच्या डोक्यावर छत्र धरावे तसे सहा जणांनी छप्पर धरले आणि अल्विनाबाई त्याखालून दोन्हीकडे हात करत चालू लागल्या. असे दृश्य गावाने पूर्वी पाहिले नव्हते. टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी पहिले बक्षीस देऊन टाकले ते अग्निशमन दलाच्या "अभिनव चित्ररथा"ला.

हार्लनराव पुढे रिकामी जीप चालवत होते. दुसऱ्या चौकात पोलिसाने त्यांना अडवले. "अहो काका, मिरवणूक येतेय मागनं! गाडी काढा बाजूला!"

"मी मिरवणुकीतलाच आहे."

पोलिसाने रिकाम्या सीटांकडे पाहिले. "सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि त्याने जीप मका उकडण्याच्या मंडपामागे घ्यायला लावली. तेथून, वाफेतून, हार्लनरावांनी आपले छप्पर जाताना पाहिले.

थँक्सगिव्हिंगला सुरी हार्लनरावांकडेच राहिली, याला तीन साक्षीदार आहेत. एकच गोष्ट मला अखेरपर्यंत पडताळता आली नाही. मंडपासमोरून जाताना आईने यांना खास हात केला, असे व्हर्नाबाई सांगतात; ड्वेनच्या मते त्या माशी हाकलत होत्या. मी स्वतः अल्विनाबाईंना भेटून विचारले. त्यांनी बराच विचार केला आणि मला उलट विचारले, "म्हणजे? हार्लन आला होता मिरवणुकीला?"