शनिवारचं बंद-चालू

बसलिंग आप्पा फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. "शिरूर, आत कोन हाय?" एवढंच. नवा माणूस गोंधळून दाराकडं बघायचा. आप्पांना विचारायचं असे, सर्व्हरवर अजून कुणाचं काम चालू आहे का.

गावोगाव खाजगी कुरिअर नुकतं सुरू झालं होतं. आमच्या कंपनीची शिरूर कासारची शाखा मी सांभाळायचो. सगळ्या शाखांच्या पार्सलांच्या नोंदी बीडच्या एकाच सर्व्हरवर व्हायच्या, आणि तो सर्व्हर आप्पांच्या ताब्यात.

काम रेंगाळलं की मी म्हणायचो, "आप्पा, बंद करून चालू करा ना!"

"कावून?"

"लई हळू चाललंय."

"म्हैस दूध कमी देती म्हनून गोठा पाडायचा का? आधी बिघाड बघू द्या. बंद केलं की त्याच्या खुणाबी पुसल्या जात्यात."

सेटिंग बदललं, किंवा भरलेली मेमरी मोकळीच होईना, तरच ते सर्व्हर बंद करत. शिवाय दर शनिवारी दुपारी एकदा. त्याआधी प्रत्येक शाखेला फोन. कुणाची नोंद अर्धवट असली तर ती पुरी होईस्तोवर आप्पा फोन धरून बसणार. टँकर आला का, भाजी काय केलती, चौकशा चालूच. आम्ही रिसीव्हर टेबलावर ठेवून हसायचो.

एकदा मालक शिरूरला आले. मी बोलून गेलो, "आप्पांच्या फोनपायी शनिवार वाया जातो. हे तर आपोआप होऊ शकतं."

थोड्याच दिवसांत सर्व्हर पहाटे आपोआप बंद-चालू होऊ लागला. आप्पांना पार्सलं बांधायला बसवलं.

पुढं बरेच दिवस मी बीडला जायचं टाळलं. शेवटी गेलो, तेव्हा ते सुतळीला गाठ मारत होते.

"आप्पा, मालकांना ते मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय." त्यांनी गाठ आवळली. "खोटं न्हाई बोलला तुमी. दर शनवारी बंद करायची गरजच नव्हती."

"मग करायचात कशाला?"

"तुमी समदे म्हनायचे, थांबा आप्पा, जरा थांबा. बायको गेल्यापासून घरी मला थांब म्हननारं कोनी न्हाई."

शिरूरच्या एसटीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली. आप्पांनी दुसरं पार्सल पुढं ओढलं.

"शिरूरकर," खाली बघतच ते म्हणाले, "ही यष्टी जाऊ द्या. पुढची धरा."