बुडबुडा मधोमध

फ्रेमवाल्यांनी ट्रेलरमधल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणसळ, म्हणजे सपाटी मापायची बुडबुड्याची पट्टी, ठेवली, तेव्हा त्यांच्या बायकोने बाहेर घडीची खुर्ची उघडली आणि विणकाम काढलं. आता बराच वेळ आपल्याला कोणी विचारणार नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

जन्मभर तसबिरींना चौकटी बसवून पोट भरलेला हा माणूस. तसबीर वाकडी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. कोणाच्या सांत्वनाला गेले तरी आधी भिंतीकडे बघायचे. दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी हौसेने हा जुना ट्रेलर घेतला होता. चाकांवरची एक खोली, गाडीमागे जोडून हवी तिथे न्यावी. पण पहिल्याच सहलीहून परतताना बायकोने निक्षून सांगितलं, "ह्यात मला झोप लागत नाही. पुढच्या खेपेलाही नाही लागली, तर विकून टाकायचा." ती पुढेही काही सांगत होती, पण फ्रेमवाल्यांचं निदान तोवर झालं होतं. ट्रेलर कलता उभा राहिला असणार. म्हणून या खेपेला नवीकोरी लांब पाणसळ, फळ्यांची चळत आणि मदतीला मेहुणा.

"दाजी, मला तर सरळ दिसतोय," मेहुणा म्हणाला.

"तुला काय, तुला सगळं जगच सरळ दिसतं. बुडबुडा डावीकडे पळालाय बघ. म्हणजे उजवी बाजू खाली. उजव्या चाकाखाली फळी घाल."

मेहुण्याने फळी ठेवून गाडी पुढे घेतली. चाक फळीवर चढलं आणि त्याच उत्साहात पलीकडे उतरलं. मागे घेतल्यावर अलीकडे उतरलं. पुढच्या खेपेला फळीच सुटून झुडपात गेली. अखेर चाक एकदाचं फळीवर थांबलं. चाकांना दगड लावले, गाडी सोडवली, पुढच्या जॅकचा दांडा फिरवून पुढची बाजू हवी तेवढी उचलली. बुडबुडा मधोमध आला. फ्रेमवाल्यांचा चेहरा खुलला.

इतक्यात शेजारच्या तंबूतले गृहस्थ सपत्नीक आले. फुकटचा सल्ला द्यायला माणसाला आमंत्रण लागत नाही.

"ओट्यावर कशाला ठेवलीत? ओटाच वाकडा असला तर?"

फ्रेमवाल्यांनी ओट्यावरची पाणसळ उचलली. ट्रेलरच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा उजवीकडे. पलंगावर ठेवली. बुडबुडा मागे.

"एका ताटात पाणी घ्या," गृहस्थ म्हणाले. "पाणी खोटं बोलत नाही."

ट्रेलरच्या कोपऱ्यात ताट भरून ठेवलं. पाणी काय म्हणतंय ते बघायला चौघंही त्याच कोपऱ्यात वाकले. टेकूचे पाय अजून लावायचे होते, त्यामुळे आख्खा ट्रेलर चौघांच्या वजनाने कोपऱ्यात कलला, आणि खोटं न बोलणारं पाणी सरळ मेहुण्याच्या अंथरुणात गेलं.

"ओट्याचं आणि पलंगाचं भांडण मिटलं का?" बाहेरून बायकोने विचारलं. "मला भूक लागलीय."

फ्रेमवाल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. झोपायचं पलंगावर, तेव्हा पलंगाचाच शब्द प्रमाण, असा निवाडा करून त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. बुडबुडा मधोमध आला, टेकू लागले, आणि ते समाधानाने आंघोळीला गेले.

त्या रात्री बायको घोरली. एरवी त्या घोरण्यावर त्यांनी तक्रार केली असती. आज ते कौतुकाने ऐकत पडले. आपला ट्रेलर वाचला होता.

सकाळी ते मुद्दाम गृहस्थांना बोलावून घेऊन आले. "बघा. याला म्हणतात सरळ." त्यांनी पलंगावर पाणसळ ठेवली. बुडबुडा थेट उशीच्या टोकाला जाऊन बसला.

गृहस्थ भले होते. चहा उतू जात असेल म्हणाले आणि निघून गेले.

"मीच फिरवला तो जॅकचा दांडा," बायको चहा गाळत म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. डोक्याकडची बाजू थोडी वर घेतली."

"अगं, पण सरळ केलं होतं मी."

"मागच्या वेळीही सरळच होतं की. सपाट झोपले की मला गुदमरतं. घरी दोन उशा घेते मी, लग्न झाल्यापासून. इथे जेमतेम एक मावते. तेच सांगत होते त्या दिवशी, तर तुम्ही पाणसळ आणायला पळालात."

 लोकांच्या भिंतीवरची केसभर वाकडी चौकट ज्याला दारातून दिसते, त्याला शेजारची दुसरी उशी कधी दिसली नव्हती. फ्रेमवाल्यांना मनापासून लाज वाटली.

"आणि ट्रेलर विकायचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"कशाला? इतकी गाढ झोप मला घरीही लागत नाही."

ते उठले, बाहेर गेले आणि जॅकचा दांडा हातात घेतला. "पड बघू जरा पलंगावर," त्यांनी खिडकीतून सांगितलं. "अजून थोडं वर हवंय का?"

"चालेल, थोडं."

त्यांनी दांडा फिरवला. "आता?"

"आता छान."

"दाजी," पलंगाच्या पायथ्याच्या बाकावर पडलेल्या मेहुण्याचा केविलवाणा आवाज आला, "ताईची उशी माझ्याकडे आलीय. चादरही आली. आता ताईच यायची राहिलीय."

"झोप तू," फ्रेमवाले म्हणाले. "ट्रेलर अगदी बरोबर आहे."