सातव्या गुलाबाचं अपहरण

एकोणीसशे एकोणऐंशी साली नवा कायदा आला आणि त्याने नगरपालिका, शाळा आणि दुकानं या तिन्हींना एकाच दावणीला बांधलं. शाळेजवळच्या दुकानाला परवाना नगरपालिका देणार, पण हेडमास्तरांनी तक्रार केली की तो रद्द. शिवाय कायदा नीट वाचून होईतो त्यात दुरुस्ती यायची. माझ्या धाकट्या बहिणीचं फुलांचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच होतं, त्यामुळे ती हेडमास्तरांना दिवसातून दोनदा नमस्कार घालायची.

त्याच साली आमचे हे गुप्तहेर झाले. "माझी नजर म्हणजे क्ष-किरण, बुद्धी म्हणजे तलवार आणि मौन म्हणजे सापळा," असं ते स्वतःबद्दल सांगत. त्या क्ष-किरणांना कपाळावरचा चष्मा सापडत नसे, आणि मौन तर मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. मदतनीस म्हणून मी होते. पगार नाही, चहा मीच करायचा.

एका सकाळी शाळेच्या भिंतीलगतच्या रांगेतलं सातवं गुलाबाचं कलम नाहीसं झालं. जागेवर नुसता खड्डा! नेमके त्याच दिवशी बहिणीच्या बादलीत तसेच लाल गुलाब होते.

"संध्याकाळपर्यंत चोर मिळाला नाही, तर तुमच्या दुकानाविरुद्ध तक्रार गेलीच समजा!" हेडमास्तर कडाडले.

"ताई, दुकान गेलं तर मी खाऊ काय गं?" बहिणीने डोळ्यांना पदर लावला.

"घाबरू नकोस, मी आहे ना," हे म्हणाले. तेव्हा मात्र तिला खरंच रडू फुटलं.

हे खड्ड्याजवळ ओणवे झाले. "पावलाचा ठसा! टाच झिजलेली चप्पल. माणूस जड आणि घमेंडखोर."

"अहो, ती तुमचीच चप्पल."

"म्हणजे चोर माझ्याच मापाचा आहे! लिहून घे."

मग भूगोलाच्या मास्तरांवर संशय गेला, कारण त्यांचा मातीशी जुना संबंध. ते म्हणाले, "मी फक्त नकाशातली माती शिकवतो." मग कोपऱ्यावरचा न्हावी. "एकही पाकळी सांडलेली नाही! हा सरावाचा हात आहे," असं म्हणत हे त्याच्या खुर्चीत बसले आणि चौकशी संपेपर्यंत अर्धी मिशी गमावून उठले.

दुपारी उरलेल्या मिशीला पीळ देत त्यांनी निकाल दिला. "पुरावा नातं बघत नाही. चोर माझी मेव्हणी आहे!"

"भावजी!" बहीण किंचाळली.

"रात्री जेवायला कुठे जाणार आहात?" मी विचारलं.

निकाल तात्पुरता मागे घेण्यात आला.

मी वैतागून नळावर पाणी प्यायला गेले. तिथे शाळेचा माळी झारी भरत होता. सकाळपासून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काय हो, ते सातवं कलम गेलं कुठे?"

"मीच काढलं की बाई."

"तुम्ही? का?"

"हेडसरच काल व्हरांड्यात सगळ्या मास्तरांना सांगत होते, सातवं कलम काढलं, त्या जागी नवं येणार. म्हटलं, सरांनी कशाला चिखलात हात घालायचा?"

मी झारीवरच बसले. व्हरांड्यात कायद्यातली दुरुस्ती समजावून सांगणं चाललं होतं! गुलाब टाकीमागे एका डब्यात मजेत होता.

मी सगळ्यांना तिथे नेलं. "लबाडा, तुला चोरीचं कलम लावतो!" हे गरजले.

माळ्याचा चेहरा उजळला. "लावा ना साहेब! खड्डा तयारच आहे."

हेडमास्तर हसता हसता भिंतीला टेकले. तक्रार तिथेच बारगळली.

हेडमास्तर पुढे शिक्षणाधिकारी झाले आणि 'कलम' शब्द टाळून भाषणं करू लागले. न्हाव्याने उरलेली अर्धी मिशी फुकट काढून दिली. ह्यांनी ही केस स्वतःच्या नावावर जमा केली आणि शेवटपर्यंत पाहुण्यांना ऐकवली; आता ते नाहीत, म्हणून मी ऐकवते. बहिणीचं दुकान तिची सून चालवते.

काही वर्षांनी तो कायदाच सगळ्या कलमांसकट रद्द झाला. ती बातमी आली त्या दिवशी मी आणि बहीण धावत शाळेत गेलो आणि माळी घरी जाईपर्यंत बागेत पहारा देत बसलो.