वामनरावांच्या घोंगडीतली बाई

अर्धी दाढी झालेली असताना दारात यमदूत आला असता, तरी वामनरावांनी त्याला बाहेरच थांबवलं असतं. पोस्टमनला तर नेहमीच थांबवायचे. आतून आवाज यायचा, "रुको भिया, अजून कच्चं आहे!"

अर्धवट काही कुणाला दाखवायचं नाही, हा त्यांचा धर्म. पोहे परतायला घेतले की स्वयंपाकघराला आतून कडी. विनोद सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. "शेवट नीट बसला नाही. परवा सांगतो." आणि खरोखरच परवा रस्त्यात गाठून नुसता शेवट सांगायचे. तोवर आम्ही सुरुवात विसरलेलो असायचो.

हे आमचे इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातले शेजारी. पन्नाशीचे, अविवाहित, मध्य भारत सरकारच्या सचिवालयात कारकून. त्या वेळी आमची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची. फायली, टाइपरायटर, साहेब, कारकून, सगळं सरकारच गाडीत घालून न्यायचं आणि परत आणायचं. वामनरावांबरोबर आणखी एक नग असायचा. घोंगडीत गुंडाळलेलं भलंमोठं चित्र. कित्येक वर्षं ते रंगवत होते. कशाचं, म्हणून विचारलं की, "कच्चं आहे."

एका उन्हाळ्यात ते ग्वाल्हेरहून परतले आणि टांग्यातून चित्र उतरवताना घोंगडी सरकली. क्षणभरच, पण मी नेमका गच्चीत होतो. हिरवं लुगडं! हातभर बांगड्या! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कसं, ते मला विचारू नका. कुणी म्हणालं ग्वाल्हेरची आहे, कुणी म्हणालं नाटकातली आहे. एकानं तर तिचं गाणंही ऐकलेलं निघालं.

शेजारच्या अक्का सत्तरीच्या. वामनरावांना त्यांनी झबल्यात पाहिलेलं, त्यामुळे त्यांना कडीबिडी लागू नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून माझा हात धरून त्या थेट त्यांच्या घरात शिरल्या.

"वामन्या, दाखव."

"अक्का, अजून कच्चं..."

"कच्ची असो की पक्की! तुझी आई नाही, सूनमुख मीच बघायचं. माझे डोळे आता चार दिवसांचे सोबती. नंतर काय चाचपून बघू?"

मी हसलो. वामनराव हसले नाहीत. "इतकं दिसेनासं झालंय?"

"उजेडाशी धरलं तर दिसतं रे."

त्यांनी चित्र खिडकीशी नेलं. घोंगडीला हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग डोळे मिटून ओढली.

लुगड्याची चुणी न् चुणी, काठ, बांगड्या, सगळं पुरं. फक्त चेहऱ्याच्या जागी कोरं कापड.

"आई आहे," वामनराव म्हणाले. "फोटो एकही नाही. पदर धरून चालायचो, म्हणून लुगडं आठवतं. वरचं काही येतच नाही, अक्का. आईचं तोंड आठवत नाही, हे कुणाला दाखवायचं?"

अक्का चित्राला नाक टेकवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि ही एवढी ताठ कधी बसली रे? बोलताना पुढे झुकायची, समोरच्याच्या गुडघ्यावर थापा मारायची. घे कोळसा!" आणि खिडकीतून समोरच्या म्हाताऱ्या शेजारणीला हाक, "सीताबाई, ये गं! वामन्याची आई काढायची आहे!"

मग काय विचारता! सीताबाई म्हणे खळी उजव्या गालावर, अक्का म्हणे डाव्या. वामनराव काढायचे, बाहीनं पुसायचे, पुन्हा काढायचे. आम्ही तिघं जण खांद्यावरून बघतोय, याचं त्यांना भानच नव्हतं. "असं? की असं?" एवढंच चाललेलं.

नाकावर मात्र गाडी अडली. शेवटी अक्कांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हे काय, इथं आहे की! घरात आरसा असून शोधतोस कुठं?"

वामनरावांनी खुंटीवरचा आरसा काढला. बायकांचं आता भुवयांवरून जुंपलं होतं. वामनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. कोळशानं काळं झालेलं बोट ते आरशातल्या नाकावरून फिरवत होते. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं.