एक बोट वाकेल म्हणून लिहिलेल्या पुलाची हकीकत

जगन्नियंत्याचे पायी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे एकतिसाचे साली, चिरंजीव बाळगोपाळांनी पुसिले की नदीत दोन खांब उभे आणि नव्या पुलाशेजारी ते रिकामे का, त्याजवरून जैसे घडले तैसे लिहिले. सावकाश ऐकावे, न समजले तर पुन्हा पुसावे, रागे भरणार नाही.

त्या राज्यात ऐसी चाल होती की लोखंडी काम उभारण्याआधी त्याची प्रतिमा गणकयंत्रात करावी, तिचे बारीक तुकडे पाडावे, एकेक तुकडा भाराने कैसा हलतो ते काढावे आणि सगळे जोडून उत्तर लिहावे. तुकडे तीन जातींचे: लांब दांड्यास काठी, पातळ पत्र्यास पापुद्रा, आणि जाड ढेपेस ठोकळा. दुसरी चाल ऐसी की ज्याने गणित केले त्याने पहिला भार चढताना कामाखाली उभे राहावे. एके साली राजेसाहेबांनी पोलादी पत्र्याचा पूल मांडिला आणि गणित प्रधान गणक विसाजीपंतांकडे दिले. पंत थोर विद्वान, परंतु दरबारास भरीव चित्र आवडते हे जाणून त्यांनी अवघा पत्रा ठोकळ्यांनी भरिला, जाडीत एकच थर, आणि उत्तर आले की पूल एक बोट वाकेल. राजेसाहेब संतोषले आणि म्हणाले, "इतका ताठ आहे तर पत्रा आणखी पातळ करा." मग पातळ केला, आणि पुन्हा ठोकळेच घातले, आणि पुन्हा एक बोटच लिहिले.

पंतांची शिष्या म्हाळसाबाई. तिने तेच गणित पापुद्र्यांनी केले आणि कागद घेऊन आली. पंत हसोन बोलिले, "अगे म्हाळसे, सरकारास पापड दाखवू काय?" ती म्हणाली, "पंत, पत्रा म्हणजे पापडच. आपल्या ठोकळ्याच्या कडा सरळ, त्यास कमान घेता येत नाही, म्हणोन तो वाकण्याऐवजी नुसता तिरका होतो आणि उगाच ताठ दिसतो. ताठपणा ठोकळ्याचा आहे, पुलाचा नव्हे. ठोकळे निम्म्या मापाचे करून, एकाचे दोन थर करून पाहा, उत्तर बदलेल." मग पंतांनी तिच्यादेखत दोन थर केले आणि उत्तर दुप्पट झाले. तेव्हा पंत म्हणाले, "पापुद्रे काय सांगतात?" ती म्हणाली, "हातभर वाकतो, मग दुमडतो. आपण खाली असाल." पंत म्हणाले, "कागदावर सरकारची मोहोर झाली. आता मागे घेतो तर उद्या माझे गणित कोण मानील?" आणि दोन थरांचा कागद घडी करून अंगातल्या बंडीत ठेविला.

नेमल्या दिवशी पंत पुलाखाली वाळूत उभे राहिले आणि वर वाळूच्या पोत्यांच्या गाड्या निघाल्या. पहिली गाडी मध्यावर आली तोच पत्रा चार बोटे खाली आला. पंतांनी वर पाहिले, आणि जन्मभर हळू बोलणारा तो पुरुष ओरडला, "अरे माघारी फिरा! गणित चुकले, माझे गणित चुकले!" गाडीवानांनी बैल सोडून दिले आणि काठाकडे पळाले, आणि म्हाळसाबाई काठावरून "पंत, बाहेर या!" म्हणत राहिली, परंतु शेवटचा गाडीवान उतरेतो पंत हात हालवीत तेथेच राहिले. मग गाड्यांसह पत्रा दुमडोन खाली आला. गाडीवान अवघे वाचले. पंतांस काढिले तेव्हा बंडीतील कागद घडीचा तैसाच होता.

तिसरे वर्षी जाड पत्र्याचा नवा पूल झाला. गणित म्हाळसाबाईंनी पापुद्र्यांनी केले, तुकडे बारीक करून पुन्हा केले, उत्तर हलेना तेव्हा लिहिले की अडीच बोटे वाकेल. मग त्या एकट्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि गाड्या चढल्या. अडीच बोटे वाकला. कोणी वाद्ये वाजविली नाहीत.

तात्पर्य, मुलांनो, वस्तू जैसी असेल तैसा तुकडा घ्यावा, आणि तुकडा लहान करिता उत्तर बदलले तर ते उत्तर नव्हे. इतके पंतांसही ठाऊक होते, तरी कागद बंडीतच राहिला. जुने खांब म्हणोनच काढिले नाहीत.