नवी जावा आणि सासूबाईंचं अंगण

"चाकणच्या कारखान्यात अख्खं प्रेस मशीन मी चालू करतो, हा गेम म्हणजे किस झाड की पत्ती!" असं म्हणून दिग्विजयनं बाह्या सरसावल्या.

दुपारी त्याच्या सासूबाई, गोजाबाई, लातूरकडून मोशीला येणार होत्या. त्यांचं गावचं घर रस्तारुंदीत गेलं होतं. त्याच्या बायकोनं, रश्मीनं, महिनोनमहिने खपून ते घर अंगण-गोठ्यासकट कॉम्प्युटरवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये उभं केलं होतं. आज आईला दाखवायचं, तर गेम सारखा बंद पडत होता! कारण काय, तर मेमरी पुरत नाही.

"उपाशी आहे बिचारा!" दिग्विजयनं आठच्या आठ जीबी मेमरी गेमला देऊन टाकली. सगळं जेवण नवरदेवाच्याच ताटात वाढल्यावर वऱ्हाड रुसावं, तसा कॉम्प्युटर रुसला. माऊससुद्धा हलेना!

बंद करून चालू केल्यावर नवं निदान झालं. "जावाच जुनी आहे!" ज्या सॉफ्टवेअरवर गेम चालायचा, ती जावा उपटून त्यानं सगळ्यात नवी बसवली. आता गेम उघडेचना.

"अहो, आधी उघडत तरी होता!"

"थांब गं!" त्यानं गेमचं जुनं फोल्डर उडवलं, गेम पुन्हा टाकला आणि ऑफिसातल्या निरंजनला फोन लावला.

"राव, गेम जुना, तर जावापण त्याच्या जमान्यातलीच लागते," निरंजन म्हणाला. "फक्त चौसष्ट बिटची घे, म्हणजे तिला जास्त मेमरी वापरता येते. आणि मेमरी निम्मीच दे, बाकीची कॉम्प्युटरला राहू दे!"

तसं केलं. गेम झोकात उघडला! पण आत नुसतं गवत.

"घर कुठंय?" रश्मीचा आवाज चिरकला. "एकदा रस्त्यात गेलं, आता तुमच्या हातानं!"

दिग्विजयनं कपाळावर हात मारून घेतला. उडवलेल्या फोल्डरातच घरही होतं!

"अरे भावा, रिसायकल बिन बघ की, उडवलेलं तिथंच जातं!" फोनवरून निरंजन ओरडला.

फोल्डर तिथंच होतं! परत जागेवर ठेवताच अंगण, गोठा, तुळस, सगळं हजर. रश्मी डोळे पुसत हसली, तेवढ्यात बेल वाजली.

गोजाबाई पडद्यासमोर बसल्या. पडद्यावरच्या तुळशीवर त्यांनी बोट टेकवलं. मग हळूच म्हणाल्या, "आपलंच घर हाय गं. पण जावईबापू, गाय अशी चौकोनी कशी?"

दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. निदान गाय तरी त्यानं बिघडवली नव्हती!